वजनासाठी पाणी तोडू नका

आपल्या तुळजापूर भागात तालमीत घाम गाळणारी मुले आता मोबाईलवर एमएमएच्या लढतीही पाहतात. ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव एकत्र असलेला हा खेळ. कुस्तीप्रमाणे येथेही लढती वजनगटानुसार होतात. म्हणून काही खेळाडू वजन करण्याआधी पाणी बंद करतात, प्लास्टिकचे जॅकेट घालून धावतात.

यात चरबी जात नाही, अंगातले पाणी जाते. रक्त घट्ट होते, हृदयावर ताण येतो, अंग तापते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. २०१५ मध्ये चीनचा एमएमए खेळाडू यांग जियान बिंग असेच वजन उतरवताना दगावला. त्यानंतर ती स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने पाणी तोडून वजन घटवण्यास बंदी घातली.

आपले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत ते वरच्या बँटमवेट गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. वाढत्या वयाच्या मुलाने वरच्या गटात खेळणे कमीपणाचे नाही.

पालकांनी व वस्तादांनी लक्ष ठेवावे. लघवी गडद पिवळी होणे, चक्कर, पेटके दिसताच सराव थांबवा, सावलीत बसवून ओआरएस पाजा. खेळाडू बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला तर तोंडाने काही देऊ नका. ओल्या कापडाने अंग गार करा आणि लगेच १०८ ला फोन करा.