पोटदुखीची नस जाळता येते का?

प्रश्न : वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पोटदुखीने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. रक्तवाहिनीतून तार घालून दुखण्याची नस जाळतात, असं मोबाइलवर पाहिलं. आई वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायची, तिचंही ओटीपोट दुखतं. दोघांनाही हा उपाय चालेल का?
– एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : वडिलांच्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे, आईच्या नाही.

जठर, यकृत, स्वादुपिंडाच्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं मणक्यांच्या पुढ्यात, महाधमनीला बिलगून असतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी तिथवर नेतात आणि तिच्या टोकातून रेडिओलहरींची ऊर्जा सोडतात. धमनीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू त्या उष्णतेने निकामी होतात. आतलं अस्तर वाहत्या रक्तामुळे फारसं तापत नाही. मूत्रपिंडाच्या धमन्यांत हीच युक्ती बीपीसाठी वापरतात. त्यासाठीच्या उपकरणांना अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. पोटदुखीसाठी मात्र ही युक्ती अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

पण म्हणून वडिलांनी कळ सोसत बसू नये. हेच जाळं सुईने बधिर करण्याची रीत जर्मन सर्जन माक्स काप्पिस यांनी 1914 च्या सुमारास मांडली. आता सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपीच्या मदतीने तिथे अल्कोहोल सोडतात. आराम बहुधा काही महिने टिकतो. जुलाब होतात, उठताना बीपी उतरतं, क्वचित पायांची ताकदही जाते. कॅन्सर मात्र आहे तिथेच राहतो. मॉर्फिनच्या गोळ्यांनाही घाबरू नका. अंमली पदार्थविषयक कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने त्या मिळण्यातल्या अडचणी कमी केल्या. कॅन्सरच्या डॉक्टरांना वेदनाशमनाबद्दल स्पष्ट विचारा.

आईचं वेगळं. गर्भाशयाच्या वेदना प्रामुख्याने कटिभागातल्या दुसऱ्या तंतूंवाटे जातात. वरचं जाळं जाळून उपयोग नाही. शिवाय आधी दुखतंय कशाने, ते कळायला हवं : लघवीतला जंतुसंसर्ग, गाठ, खडा की आणखी काही? कारण न शोधता उपाय करण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या प्रकारांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना थेट ऑपरेशनच सांगितलं गेलं होतं.

तेव्हा आईची लघवी तपासून घ्या, सोनोग्राफी करा. कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात दुसरं मत घेतल्याशिवाय संमतीपत्रावर अंगठा उठवू नका.