आजचे चिंतन : राबणाऱ्या हातांनी केलेली पूजा



आजचा पाठ : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६ आणि त्यावरचं ज्ञानेश्वर माउलींचं निरूपण.

शेख महंमद महाराजांच्या या श्रीगोंद्यात कीर्तन-प्रवचनाला तोटा नाही. पण दहाव्याला नदीकाठी जमलेली मंडळी गेलेल्या माणसाबद्दल काय बोलतात, तेही जरा कान देऊन ऐकावं. एक बोलणं हमखास असतं. "माणूस लई कष्टाळू. सगळा जन्म रानात गेला. लेकरंबाळं मार्गी लावली. पण देवाधर्माला काही वेळ मिळाला नाही बिचाऱ्याला."

बोलणारा वाईट हेतूने बोलत नाही, पण मुलांच्या मनात ते रुतून बसतं. वडलांना एकदाही वारी घडली नाही. काशी राहिली. गळ्यात माळ नव्हती की कपाळी बुक्का नव्हता. मग त्यांच्या जन्माचं सार्थक झालं की नाही? हा प्रश्न मोठा आहे आणि घरोघरी आहे. म्हणून आज हाच श्लोक चिंतनाला घेऊ.

श्लोकाचा भाव

भगवंत अर्जुनाला सांगतात की, हे सगळं विश्व ज्याच्यापासून निघालं आणि ज्याने आतून-बाहेरून भरलं आहे, त्याची पूजा माणसाने आपल्या वाट्याला आलेल्या कामाने करावी. तेवढ्यानेच तो पूर्णत्वाला पोचतो. इथे देवळाची अट नाही, प्रवासाची नाही, खर्चाची तर नाहीच.

ज्ञानेश्वर माउली या ठिकाणी फुलांचा दृष्टान्त देतात. आपलं कर्म हेच फूल, आणि ते वाहिलं की सर्वव्यापी देवाला अपार संतोष होतो, असा त्याचा भाव. हे निरूपण झालं आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. आणि त्याच काळात तिकडे माढा तालुक्यातल्या अरण गावी एक माळी ही पूजा रोज मांडत होता. त्यांचं वय तेव्हा चाळिशीचं.

अरणचा मळा

सावता महाराजांचा जन्म शके ११७२ म्हणजे इ.स. १२५० चा मानतात. वडील परसोबा, आई नांगिताबाई. पत्नी जनाबाई भेंड गावच्या. विठ्ठल आणि नागाताई ही दोन मुलं. घर पिढीजात मळेकऱ्याचं. म्हणजे बायको, लेकरं, विहीर, वाफे, भाजीपाला, फुलं असा भरला प्रपंच होता. त्यांनी संसार सोडला नाही, मळा सोडला नाही, गावही सोडलं नाही.

अरणहून पंढरपूर काही फार लांब नाही. तरीही महाराज मळ्यातलं काम टाकून वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. वारकरी संप्रदायात हे किती धाडसाचं, ते आपल्याला कळतं. पण त्याच संप्रदायाने त्यांना संत म्हणून डोक्यावर घेतलं. आजही सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, आणि पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांच्या भेटीला अरणला जाते.

त्यांची उघड्या रानाची आवड पुढे अभंगांत उतरली. भाजीच्या वाफ्यांत, विहिरीत, मोटेत, दोरखंडात त्यांना विठ्ठल दिसला. त्यांचे सदतीस अभंग आज आपल्याकडे आहेत. काशिबा गुरवांनी ते लिहून घेतले, असं सांगतात. मळ्यात माती लागलेल्या हातांनी लेखणी धरायला सवड कुठली? पण मुखात नाम होतं. हे विसरायचं नाही. हात कामात आणि मुखात नाम, असं दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

मळ्यात आलेला देव

ती कथा तुम्हाला ठाऊक असेल. पांडुरंग ज्ञानदेव-नामदेवांसोबत लऊळच्या कूर्मदासाच्या भेटीला निघाले. वाटेत अरण लागलं. देव एकटेच मळ्यात शिरले आणि सावतोबांना म्हणाले, मला लपव. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने छाती उघडली आणि देवाला आत ठेवलं.

कथा म्हणून ऐका किंवा भाव म्हणून घ्या. मला त्यातलं खुरपं महत्त्वाचं वाटतं. पूजेचं ताट नव्हतं, समई नव्हती. सकाळपासून तण काढायला जे हातात होतं, तेच कामाला आलं. आणि देव कुठे आला? सावतोबा उभे होते तिथेच, वाफ्यात, कामाच्या वेळी.

पाहुण्यांची गोष्ट

आणखी एक आठवण परंपरेत सांगतात. सासुरवाडीची मंडळी घरी आली. महाराज भजनात रंगलेले, पाहुण्यांकडे लक्ष नाही. जनाबाईंना राग आला. येणारच की! घरातलं, रानातलं सगळं त्यांनाही पाहायचं होतं, वर माहेरच्या माणसांसमोर मान जायची वेळ. महाराज चिडले नाहीत. शांतपणे, प्रेमाने बोलले, आणि त्यांचा राग निवळला.

ही गोष्ट छोटी असली तरी आजच्या श्लोकासाठी मोलाची आहे. राबणाऱ्या माणसाच्या पाठीमागे कुणीतरी राबत असतं. तो दारं धरायला जातो तेव्हा भाकरी बांधून देणारे हात असतात, आणि खुरपायला वाकलेली तीच असते. वडलांचे कष्ट आठवताना आईचे कष्ट गाळले, तर आठवण अर्धीच राहील.

कष्ट पूजा कधी होतात?

आता सावध राहायची एक जागा. कष्ट म्हणजेच भक्ती, असं सरसकट म्हणता येत नाही. लोभापायी राबणारेही खूप आहेत. मग ओळखायचं कसं? माझ्या समजुतीप्रमाणे तीन खुणा पाहाव्यात.

पहिली खूण पाण्याची. कुकडीचं आवर्तन सुटलं की आपल्याकडे भावाभावांत वाद होतात. आपलं भिजलं की शेजाऱ्याची पाळी म्हणून वेळेवर दारं मोडणारा माणूस पूजाच करत असतो. दुसऱ्याचं पाणी चोरून भिजवलेलं रान कितीही हिरवं दिसलं, तरी ते फूल देवाला वाहता येत नाही.

दुसरी खूण फळाची. आपला तालुका लिंबाचा. लिंबोणी लावली की चांगलं फळ यायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. साठी उलटलेला माणूस नवी रोपं लावतो, तेव्हा तो कुणासाठी लावतो? फळ आपल्याला मिळेलच असं नाही, तरी काम नीट करायचं. कर्मयोग यापेक्षा निराळा काय असतो?

तिसरी खूण घराची. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला गेलेला माणूस थकून घरी येतो. थकवा कुणावर काढतो? सगळा राग बायको-लेकरांवर निघत असेल, तर पूजा बांधावरच संपली म्हणायची. नातवासाठी धोतराच्या सोग्यात दोन बोरं बांधून आणत असेल, तर ती उंबऱ्याच्या आतही चालू आहे.

आठवण कशी ठेवावी

आपल्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर असा एक तरी म्हातारा असतोच. त्याला घरात करमत नाही. पोरं म्हणतात, "आता बसा की घरी." तो काठी घेऊन बांधावर जातो. आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज सांगतो. दवाखान्यात खाटेवर पडला तरी विचारतो, "लिंबोणीला पाणी दिलं का?" लोकांना वाटतं, शेवटपर्यंत संसारातून मन निघालं नाही. मला तसं वाटत नाही. पुजारी आजारी पडला तर देवाला दिवा लागला का, हे विचारतोच ना?

असा माणूस गेल्यावर फोटोला हार घालतोच आपण. त्यासोबत एवढं करावं. त्याला काय येत होतं, ते लेकरांना सांगावं. कोणतं झाड त्याने कोणत्या दुष्काळात जगवलं, कोणत्या बैलावर त्याचा जीव होता, विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तो काय बोलला. मुलांना आजोबा तेरा दिवसांच्या विधीतून कळत नाहीत, अशा गोष्टींतून कळतात.

आणि तो जिवंत असेल तर? मग त्याचे कष्ट थोर म्हणून आपण सावलीत बसायचं नाही. त्याच्या हातातलं खोरं घ्यायचं. वारीला जायची त्याची इच्छा असेल, तर रानाची जबाबदारी उचलून त्याला पाठवायचं. 'मळ्यातच तुमची पंढरी' हे त्याने स्वतः म्हणावं. आपली सोय म्हणून मुलांनी त्याला ऐकवू नये.

सावता महाराजांनी शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये देह ठेवला. वय अवघं पंचेचाळीस. समाधी कुठे आहे? अरणला, त्यांच्याच मळ्यात. ज्या मातीत राबले, त्याच मातीत लोक आज माथा टेकतात.

तेव्हा माउली, पुढच्या वेळी दहाव्याला कुणी "देवाधर्माला वेळ मिळाला नाही" म्हणालं, आणि गेलेला माणूस पाण्याला खरा, फळाला निर्लोभ आणि घराला मायाळू असेल, तर त्याच्या लेकराच्या पाठीवर हात ठेवून सांगा : तुझ्या बापाची पूजा रोज चालू होती, बाळा. तू तिच्यातलाच प्रसाद खाऊन मोठा झालास.

आजची कृती : घरातल्या सगळ्यात राबलेल्या माणसाजवळ आज पंधरा मिनिटं बसा. मोबाईल बाजूला ठेवा. त्यांनी लावलेल्या पहिल्या झाडाबद्दल विचारा. ते माणूस आता नसेल, तर त्यांनी लावलेल्या झाडाला तांब्याभर पाणी घाला.

आजची प्रार्थना : हे पांडुरंगा, माझ्या वाट्याला आलेलं काम मला स्वच्छ हातांनी करू दे. ज्यांच्या घामावर मी वाढलो, त्यांना विसरू देऊ नकोस. आणि मी जिथे राबतो आहे, तिथे तू आलास तर तुला ओळखण्याइतकं भान मला राहू दे.

रामकृष्णहरी!