एकच शब्द, दोन अर्थ

नाटक पाहताना आपले डोळे भरून येतात. हे आपोआप होत नाही. नाटककार शब्दांची आणि माणसांची जुळणी तशी करतो. ती जुळणी कशी ओळखायची, ते आज आपण पाहू.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक घेऊ. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले. त्याच साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्व त्यात सिंधू झाले होते.

गोष्ट अशी. सुधाकर हा हुशार वकील. त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते. अपमानाने मन जळते. तेव्हा तळीराम दारूची वाट दाखवतो. सुधाकराला व्यसन जडते. घर धुळीला मिळते. बायको सिंधू दळण दळून दिवस काढते. शेवटी नशेत त्याच्या हातून तान्हे मूल मरते. सिंधूही जाते. मग सुधाकर दारूत विष कालवून पितो.

यात तीन खुणा पाहा.

पहिली, पुनरुक्ती. म्हणजे तोच शब्द पुन्हा पुन्हा येणे. आरंभी 'एकच प्याला' म्हणजे 'एवढ्याशाने काय होतंय?' अखेरीस तोच प्याला विषाचा होतो. शब्द बदलला नाही. अर्थ उलटला.

दुसरी, विरोध. एकीकडे घर बुडवणारा सुधाकर. दुसरीकडे मरतानाही नवऱ्याला वाचवू पाहणारी सिंधू. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे उठून दिसतात, तसे हे आहे.

तिसरी, विनोद. तळीराम आणि त्याचे पिणारे सोबती आपल्याला हसवतात. पण हसता हसता घास अडकतो. कारण त्याच दारूने सिंधूची चूल विझते. पुढे 'तळीराम' हा शब्दच दारुड्यासाठी रूढ झाला.

मंडळी, या खुणा नाटकापुरत्याच नाहीत. 'एकदाच अंगठा उठवा, काही होत नाही,' असे कोणी म्हणाले, तर तिथेही थांबावे. 'एकदाच' म्हणजे काय, ते विचारावे. कागद स्वतः वाचावा. शब्दाचा अर्थ ओळखणे, हेच खरे वाचन, असे आम्हाला वाटते.

सांगा पाहू :
१. 'एकच' या शब्दाचा अर्थ शेवटी कसा पालटला?
२. तळीराम नसता तर नाटकात काय उणे पडले असते?
३. तुम्ही पाहिलेल्या तमाशात किंवा नाटकात कोणता शब्द पुन्हा पुन्हा आला?