बाज, मोट आणि सायकलची सीट

राहुरीत मामांचं सायकलचं दुकान आहे. जूनच्या तोंडावर काजवे बघायला नगरहून भंडारदऱ्यापर्यंत सायकलवर जायचं माझ्या मनात होतं. अंतर दीडएकशे किलोमीटर. सराव म्हणून राहुरीपर्यंत आलो, तर तेवढ्यातच बसायची जागा बधिर झाली. मामांनी माझ्या जेलच्या सीटवर अंगठा दाबला, तो निम्मा आत गेला. मग फळीवरून एक जुनी कातडी सीट काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

मी : मामा, ही तर लाकडासारखी टणक आहे. मऊ सीटवर माझे हे हाल, मग हिच्यावर काय होईल?

मामा : मऊ होती म्हणूनच हाल झाले. सायकलवर आपला भार बुडाच्या दोन हाडांवर असतो. गादी मऊ असली की ती हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. तिथल्या नसा दबल्या की आधी मुंग्या, मग बधिरपणा. बाजारापर्यंत जायला ती गादी छान वाटते. तासाभरानं तीच वैरी होते.

मी : पण टणक कातडं वेगळं काय करणार?

मामा : उलटी कर. खाली काय दिसतं?

मी : काहीच नाही. पोकळ आहे. दोन लोखंडी दांड्या, बस्स.

मामा : तेच बघायचं. आपल्या ओट्यावरची बाज आठव. चौकटीला दोरी ताणून बांधलेली, खाली हवा. जिथं भार पडेल तिथं दोरी लवते, बाकीची ताठ राहते. ही सीट म्हणजे बाजच. मागं धातूची कड, पुढं नाक, आणि मध्ये चार-पाच मिलिमीटर जाडीचं एकच कातडं, दोन्ही टोकांना रिव्हेटांनी ठोकलेलं. बाज सैल झाली की आपण पायथ्याची दोरी ओढतो ना? तसा इथं नाकाखाली बोल्ट आहे.

मी : मग तो सारखा आवळायचा?

मामा : अजिबात नाही! झोळ पडलेला डोळ्यांना दिसला तरच, आणि तेव्हाही अर्धा आटा. पोरं उत्साहात पाना फिरवत बसतात आणि रिव्हेटापाशी कातडं फाडून ठेवतात.

मी : हिच्यावर दोन खळगे पडलेत. खराब झाली का?

मामा : ती तुझ्या आजोबांची हाडं आहेत. बस बघू तिच्यावर.

बसलो. खळगे माझ्या हाडांपेक्षा बोटभर लांब-लांब होते, कडा टोचत होत्या.

मामा : बघ, तुला नाही बसत. कोल्हापुरी चप्पल नवीन असताना चावते, मग पायाची होते, तसंच हे. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं घाम, ऊब आणि भार मिळाला की हळूहळू आकार घेतं आणि तो धरून ठेवतं. क्रोममध्ये कमावलेलं मऊ राहतं. ते पिशवीला चांगलं, इथं त्याचा झोळ होईल. आणि साल म्हणजे काही परदेशी नव्हे. पारनेर-कर्जतच्या माळांवर पिवळ्या फुलांचा तरवड असतो ना, त्याची साल. बाभळीची साल. सह्याद्रीतला हिरडा. आपल्या विहिरींवरची मोट अशाच कातड्याची असायची. ढोर समाजातली माणसं चुन्यात केस काढून आठवडेच्या आठवडे सालीच्या पाण्यात कातडं मुरवायची. केवढं ज्ञान ते! आणि गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवलं. मला आजही त्याची चीड येते.

मी : मग सीट इथलीच का?

मामा : नाही, ही इंग्लंडची. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्यांच्या साजाचा धंदा काढला. पुढं त्यांचा घोडा मेला, उसन्या सायकलवर फिरावं लागलं आणि बूड सोलून निघालं, असं सांगतात. १८८२ मध्ये त्यांनी कातडी सीटचं पेटंट घेतलं. खोगीर करणाऱ्यालाच हे सुचावं, यात नवल नाही. त्यांची बी-१७ ही सीट शंभरावर वर्षं झाली तरी अजून बनते.

मी : पावसाचं काय? मोट तर दिवसभर पाण्यातच असायची.

मामा : मोट पिशवी आहे, थोडी ताणली तरी बिघडत नाही. सीटचं ओलं कातडं भाराखाली लांबलं की परत येत नाही. इकडं पाऊस बेताचा, पण तू निघालास अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला. तिथला पाऊस म्हणजे कोसळणं. त्याआधी वाटेत वळीवही गाठेल. सीटखाली प्लास्टिकची पिशवी खोचून ठेव, थेंब पडला की वर चढव. आणि मडगार्ड हवंच. वरून झाकलंस तरी मागचं चाक खालून पाणी उडवतं, आणि ती बाजू उघडी असते. भिजलीच तर सावलीत वाळू दे. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवलीस तर चिरा जातील.

मी : आणि खोबरेल लावलं तर?

मामा : तेल पाजू नकोस, कातडं ढिलं पडतं. मेण आणि चरबीचं मलम मिळतं. ते वर्षातून दोनदा, फडक्यानं, अगदी पातळ लावायचं.

मी : म्हणजे सगळ्यांनी हीच घ्यावी?

मामा : नाही रे. अर्ध्या किलोच्या आसपास वजन, कित्येक हजार रुपये किंमत, आणि अंगाशी जुळायला चारपाचशे किलोमीटर तरी लागतात. ज्याची सायकल दिवसभर उन्हापावसात उभी असते त्याला मी रेक्झिनची सीटच देतो. एखाद्या माळकऱ्याला कातडं नको असतं. त्याच्यासाठी रबर आणि सुती कापडाच्या निघाल्यात, त्याही ताणलेल्याच. पण तासन्‌तास चालवणाऱ्याला, आपल्या उन्हाळ्यात घाम टिपून घेणारं कातडंच मी सांगेन.

मामांनी आजोबांची सीट पुसून फळीवर परत ठेवली, खोक्यातून नवी काढली आणि नाक केसभर वर ठेवून बसवली.

मी : मग आता भंडारदऱ्याला हिच्यावरच?

मामा : आज देवळाली प्रवरापर्यंत जाऊन ये. उद्या वांबोरी. काजव्यांना अजून दोन महिने आहेत. आणि आल्यावर बोल्टाला हात लावू नकोस, आधी मला दाखव.