छायाचित्रें संगणकावर उतरत नाहींत, तेव्हां काय करावें?

प्रतिवर्षीं स्नेहसंमेलन आटोपलें कीं, दुसऱ्या दिवशीं दोन-चार विद्यार्थी हातांत एक इवलेंसें कार्ड घेऊन आमच्या वर्गाच्या दाराशीं उभे असतात. "सर, फोटो संगणकावर उतरत नाहींत," हें एकच गाऱ्हाणें प्रत्येकाच्या तोंडीं असतें. गेल्या वर्षीं मात्र हें गाऱ्हाणें ऐकून आमच्याहि काळजांत धस्स झालें. अनेक वर्षें शाळेची घंटा वाजविणारे आमचे वृद्ध शिपाईमामा आदल्या दिवशीं सेवानिवृत्त झाले होते, आणि त्यांच्या निरोपसमारंभाचीं सर्व छायाचित्रें त्या एकाच कार्डांत होतीं. कार्ड जुन्या संगणकांत घालतांच पडद्यावर प्रश्न उमटला कीं, 'हें कार्ड वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावें लागेल, करावयाचें काय?' विद्यार्थ्याचें बोट 'होय' या उत्तराकडे वळलेंच होतें. आम्हीं त्याचा हात धरला. त्या कार्डाचें पुढें काय झालें तें यथावकाश सांगूं. तूर्त एवढेंच सांगतों कीं, अशा वेळीं हात आवरणें हाच या विद्येंतील पहिला धडा होय.

विद्यार्थिमित्रांनो, रोगाचें निदान करावयाचें तर आधीं निरोगी शरीर कसें चालतें तें ठाऊक पाहिजे. म्हणून छायाचित्र कार्डांत राहतें म्हणजे काय होतें, हें प्रथम पाहूं.

सन १९७५ मध्यें अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें पहिला अंकीय कॅमेरा तयार केला. त्याचें एक चित्र साध्या कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. पुढें जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश नांवाच्या स्मृतीचा शोध लावला. आजच्या कार्डांत तिचा जो प्रकार असतो, तो १९८७ मध्यें जगापुढें आला. या स्मृतींत अतिसूक्ष्म कप्पे असून प्रत्येकांत विजेचा भार कोंडून ठेवितां येतो. वीज बंद झाली तरी हा भार कप्प्यांतून निसटत नाहीं; म्हणूनच खिशांतलें कार्ड आपलीं चित्रें जपून ठेवितें.

परंतु नुसते कप्पे भरून भागत नाहीं. कोणतें चित्र कोणत्या कप्प्यांत आहे याची नोंद हवी. ही नोंदवही कार्डाच्या आरंभींच्या भागांत असते. आपल्या वर्गाचा हजेरीपट डोळ्यांपुढें आणा. मुलें बाकांवर बसलेलीं असतात; पण कोण कोठें आहे हें शिक्षकांस हजेरीपटावरून कळतें. आतां समजा, हजेरीपट फाटला. मुलें नाहींशीं झालीं काय? मुळींच नाहीं; तीं आपापल्या बाकांवरच आहेत. कार्डांतील चित्रांचेंहि बहुधा असेंच असतें. हा दृष्टांत लक्षांत ठेवा. तो पुढें दोन ठिकाणीं उपयोगीं पडेल.

चित्र कार्डांतून निघून संगणकांत पोहोंचेपर्यंत त्याच्या वाटेवर चार ठाणीं लागतात: कार्ड स्वतः, कार्ड रीडर अथवा केबल, संगणकाची समजूत, म्हणजे कार्डाची नोंदवही वाचण्याचें त्याचें ज्ञान, आणि शेवटीं चित्र ज्या ठिकाणीं उतरावयाचें ती जागा. बिघाड यांपैकीं एका ठाण्यावर असतो, आणि तो शोधण्याची रीत एकच: एका वेळीं एकच वस्तु बदलावी. रीडर, केबल आणि संगणक हीं तिन्ही एकदम बदललीं तर काम होईलहि. परंतु दोष कोणाचा होता तें कळणार नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां अंधारांत चाचपडावें लागेल.

पहिलें ठाणें कार्ड. तें ज्या कॅमेऱ्यांतून काढलें त्यांतच परत घालावें आणि चित्रें दिसतात कीं काय तें पाहावें. दिसलीं तर कार्ड शाबूत आहे. बिघाड पुढें कोठें तरी आहे. कॅमेऱ्यांतहि दिसलीं नाहींत, तर कार्डाच्या पाठीवरील सोनेरी पट्ट्या कोरड्या, मऊ कापडानें हलकेच पुसून एक वेळ पुन्हां पाहावें. तरीहि न दिसल्यास त्या कार्डावर नवीन चित्र काढूं नये.

मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेस एक लहानशी खिटी असते. ती 'लॉक'कडे सरकविली कीं संगणक कार्डावर कांहीं लिहीत नाहीं व त्यांतलें कांहीं पुसतहि नाहीं. मौजेची गोष्ट अशी कीं, खिटी कोठें आहे याची कार्डास स्वतःस कल्पनाच नसते. ती जाणण्याची योजना रीडरमध्यें असते. कित्येक विद्यार्थी म्हणतात, "खिटी लावलेली होती म्हणून फोटो उतरले नाहींत." हें खरें नव्हे. खिटी लावलेली असतांहि चित्रांची नक्कल निघते. फक्त 'कट' करून तीं हलवितां येत नाहींत, कारण हलविणें म्हणजे मूळ ठिकाणचें पुसणें होय. उलट आमचा सल्ला असा कीं, मोलाचीं चित्रें उतरवितांना खिटी मुद्दाम लावावी आणि सदैव 'कॉपी' करावी, 'कट' कधींहि करूं नये. अर्ध्या वाटेंत वीज गेली तरी मूळ प्रत मग सुरक्षित राहते.

दुसरें ठाणें रीडर व केबल. कॅमेरा किंवा मोबाईल केबलनें जोडला असतां तो चार्ज होतो, पण संगणकास दिसत नाहीं, असा अनुभव पुष्कळांस येतो. याचें कारण सोपें आहे. साध्या यूएसबी केबलींत चार तारा असतात: दोन विजेच्या व दोन माहितीच्या. स्वस्त केबलींपैकीं कांहींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीनें चार्जिंग होईल, चित्रें जाणार नाहींत. अँड्रॉइड मोबाईल असेल तर त्याच्या पडद्यावर 'केवळ चार्जिंग' कीं 'फाईलींची देवघेव' असा पर्याय येतो, तोहि पाहावा. पुष्कळ जुने रीडर २ गिगाबाईटपर्यंतचींच कार्डें वाचितात; ४ ते ३२ गिगाबाईटच्या एसडीएचसी जातीचीं कार्डें २००६ मध्यें निघालीं, तीं त्यांस उमगत नाहींत. अशा वेळीं कार्डास दोष देऊं नये.

येथें थोडें अंकगणित करूं. "संगणक अडकला," अशी तक्रार आली कीं आम्ही प्रथम गति विचारतों. दुसऱ्या पिढीची यूएसबी सेकंदास जास्तींत जास्त ४८० मेगाबिट वाहते. ८ बिटांचा १ बाईट. म्हणजे ६० मेगाबाईट. प्रत्यक्षांत याच्या निम्मी, म्हणजे ३० मेगाबाईट, गति धरूं. ३२ गिगाबाईटचें भरलेलें कार्ड उतरावयास सुमारे १,०६७ सेकंद, अर्थात् जवळजवळ १८ मिनिटें लागतील. तेंच पहिल्या पिढीच्या, सेकंदास १२ मेगाबिटांच्या वाटेनें गेलें, तर पूर्ण गतीनेंहि सुमारें ६ तास! अशा वेळीं संगणक अडकलेला नसतो. आपला धीर सुटलेला असतो. अधीर होऊन मध्येंच कार्ड उपटणें हेंच पुष्कळदां नोंदवही बिघडण्याचें कारण होतें. म्हणून काम झाल्यावर संगणकास 'कार्ड काढतों' अशी रीतसर सूचना देऊन मगच तें काढावें.

तिसरें ठाणें संगणकाची समजूत. आणि येथेंच आमच्या शिपाईमामांच्या चित्रांचें कोडें उलगडलें. तें कार्ड ६४ गिगाबाईटचें होतें. ३२ गिगाबाईटच्या वरचीं एसडीएक्ससी कार्डें एक्सफॅट या पद्धतीची नोंदवही वापरितात. आमच्या जुन्या संगणकावर २००१ सालची विंडोज एक्सपी होती. तिला जोडपुरवणी दिल्यावांचून ही पद्धत वाचतां येत नाहीं. आपणांस वाचतां न येणारी वही कोरीच आहे असें समजून त्या बिचाऱ्या संगणकानें 'नवी वही घालूं काय?' असें विचारिलें, इतकेंच! मोडी न जाणणाऱ्यानें आजोबांचें दप्तर रेघोट्यांचे कागद समजून रद्दींत घालावें, तसाच हा प्रकार. आम्हीं तेंच कार्ड, तोच रीडर, केवळ नव्या संगणकास लाविला. आणि हार घातलेले, डोळे पाणावलेले मामा पडद्यावर उभे राहिले. म्हणून लक्षांत ठेवा: फॉरमॅट करण्याविषयींचा प्रश्न ही आज्ञा नव्हे. त्यास पहिलें उत्तर नेहमीं 'नाहीं' हेंच द्यावें.

कित्येकदां चित्रें उतरतात, परंतु उघडत नाहींत. यांत बिघाड नसून भाषेचा फरक असतो. १९९२ पासूनची जेपेग ही पद्धत बहुतेक सर्व संगणकांस कळते. परंतु आयफोन २०१७ पासून हीक नांवाची पद्धत वापरूं लागले, आणि मोठे कॅमेरे प्रक्रिया न केलेलीं 'रॉ' चित्रेंहि ठेवितात. अशीं चित्रें उघडण्यास त्या पद्धतीचा प्रोग्राम घालावा, किंवा कॅमेऱ्यांत आधींच जेपेग हा पर्याय निवडावा.

चौथें ठाणें चित्रें उतरण्याची जागा. संगणकांत जागा शिल्लक आहे काय, हें कोणीहि पाहील. पण एक गुप्त खड्डा असा कीं, फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाईटची किंवा त्याहून मोठी फाईल मावतच नाहीं, मग त्यावर कितीहि जागा मोकळी असो. संमेलनांतील नाटकाचें लांबलचक चलच्चित्र याच कारणानें अडतें.

दुसरा खड्डा याहून घातक आहे. कॅमेरा आपलीं चित्रें डीसीआयएम नांवाच्या फोल्डरमध्यें ठेवितो व त्यांस ०००१ पासून ९९९९ पर्यंत क्रमांक देतो. पुढें क्रमांक पुन्हां ०००१ पासून सुरू होतात. कार्ड रिकामें केल्यावर क्रमांक पहिल्यापासून देणें ही सोय तर पुष्कळ कॅमेऱ्यांत असतेच. अर्थात् दिवाळींतील एक चित्र व उन्हाळ्यांतील दुसरें चित्र यांचें नांव एकच असूं शकतें. दोन्ही एकाच फोल्डरमध्यें घालूं लागलां कीं संगणक विचारतो, 'जुनें काढून नवें ठेवूं काय?' घाईनें 'होय' म्हटलें कीं दिवाळी पुसली गेली! उपाय सोपा आहे: प्रत्येक प्रसंगाचें फोल्डर निराळें करावें, आणि त्याच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. तीं आपोआप कालक्रमानें लागतात.

आतां हजेरीपटाचा दृष्टांत पुन्हां आठवा. चित्र चुकून पुसलें, तर बहुधा फक्त पटावरचें नांव खोडलें जातें. मूल बाकावरच असतें. परंतु त्या बाकावर नवा विद्यार्थी येऊन बसला, कीं पहिल्यास जागा उरत नाहीं. म्हणून पुसल्याचें ध्यानांत येतांच कार्ड काढून बाजूस ठेवावें. फोटोरेक यासारखे विनामूल्य प्रोग्राम पटाकडे न पाहतां एकेक बाक तपासतात व चित्रें हुडकून काढितात. मात्र सांपडलेलीं चित्रें त्याच कार्डावर न ठेवितां संगणकावर ठेवावींत. नांवें बहुधा परत मिळत नाहींत, चेहरे मिळतात.

ज्यास हें ठाऊक नसतें त्याची काय हानि होते, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. आमच्या एका विद्यार्थिनीनें गांवीं जाऊन आजीचीं चित्रें काढिलीं होतीं. परतीच्या वाटेवर तीं चुकून पुसलीं गेलीं. आतां गेलींच आहेत असें समजून तिनें त्याच कार्डावर सहलीचीं शेंकडों चित्रें काढिलीं. ती आमच्याकडे आली तेव्हां आजी वारल्या होत्या. आम्हीं दोन दिवस खटपट केली. एकच चित्र हातीं लागलें, तेंहि अर्धें. खालचा भाग करड्या रंगाचा, आणि वरच्या अर्ध्यांत आजींचे डोळे व कपाळावरचें कुंकू. तिनें तें अर्धेंच चित्र चौकटींत बसवून घरीं लाविलें आहे. तिला दोष देण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं. हें तिला आधींच शिकविलें नाहीं याबद्दल मात्र आमचें मन आम्हांस खाऊं लागलें, आणि त्यांतूनच हा लेख लिहिला गेला.

शेवटीं पालकांस एक विनंति. चित्रें उतरल्यावर कार्ड लगेच रिकामें करूं देऊं नका. कार्डांत किती चित्रें होतीं व संगणकांत किती आलीं, याची संख्या जुळवून पाहावी. चार-दोन चित्रें उघडून मोठीं करून पाहावींत. मग दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि शक्य तर ती नातलगांच्या घरीं ठेवावी. एवढें झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करावें, आणि तें कॅमेऱ्यांत घालून करावें, म्हणजे नोंदवही त्याच्याच पद्धतीची तयार होते.

विद्यार्थिमित्रांनो, पूर्वीं घरांत एखादाच फोटो असे, आणि तो कांच लावून देवघराशेजारीं टांगलेला असे. आज एका नखाएवढ्या कार्डांत हजारों चित्रें मावतात. म्हणून त्यांचें मोल कमी झालें असें समजूं नका. संगणक प्रश्न विचारील तेव्हां एक क्षण थांबा, प्रश्न पुरता वाचा, आणि मगच उत्तर द्या. परीक्षेच्या दालनांत ही संवय उपयोगीं पडते हें तुम्हांस ठाऊक आहेच; घरच्या माणसांचे चेहरे राखावयासहि तीच उपयोगीं पडते.