बातमी ऐकण्याची आणि पाहण्याची : एक प्राथमिक पाठ

मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि आपल्या देशात संघटित नभोवाणीचा पाया घातला गेला. मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, येथील आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या मराठवाड्यातील श्रोत्यांच्या परिचयाच्या आहेत. या सर्व ठिकाणी बातमी वार्ताहर, संपादक आणि निवेदक यांच्या हातांखालून जाऊन मगच लोकांपर्यंत पोहोचते. आज मात्र मोबाईलवर चित्रण करून ते गावाच्या गटावर पाठविणारा पंचायत सदस्य, शिक्षक अथवा कर्मचारी ही तिन्ही कामे एकटाच करीत असतो. साहजिकच या तिघांची जबाबदारीही त्या एकट्यावर येते. म्हणून या विद्येची मूलतत्त्वे त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कानासाठी लेखन

वृत्तपत्राचा वाचक न समजलेले वाक्य पुन्हा वाचू शकतो. नभोवाणीच्या श्रोत्याला ती सोय नाही. त्याला बातमी एकदाच ऐकू येते आणि त्याच वेळी त्याचे हात कामात असतात. श्राव्य बातमीचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

पैठणच्या जायकवाडी धरणाचे उदाहरण घेऊ. धरणाला २७ दरवाजे आहेत. ते उघडले की खाली गोदावरीकाठची अनेक गावे सावध करावी लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये सोडलेल्या पाण्यामुळे पैठणच्या नदीकाठच्या भागात पूर आला होता. समजा, अशा प्रसंगी पुढील मजकूर हाती आला : ‘पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टीमुळे आवक वाढल्याने धरणाचे दरवाजे उघडून ५०,००० क्यूसेक विसर्ग करण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन प्रशासनाने केले आहे.’ कागदावर हे वाक्य चालेल. कानाला मात्र ते जड जाते, आणि ज्याला धोका आहे त्याचा उल्लेख शेवटी येतो.

हीच बातमी अशी सांगता येईल : ‘गोदावरीकाठच्या गावांनी सावध राहावे. जायकवाडी धरणातून आज दुपारी दोन वाजता पाणी सोडण्यात आले आहे. नदीची पातळी वाढणार आहे. नदीपात्रात जाऊ नये. जनावरे व मोटारी काठावरून हलवाव्यात.’ यात प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट आहे. वेळ व स्थळ स्पष्ट आहे. काय करावे हे क्रियापदातच आले आहे. एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, पाणी होय. हा आकडा अभियंत्याला आवश्यक आहे. शेतकऱ्याला पाणी आपल्या गावी केव्हा व कोठवर येईल हे हवे असते, आणि ते पाटबंधारे खात्याकडून विचारून घेणे हे वार्ताहराचे काम आहे.

लिहिलेली बातमी मोठ्याने वाचून पाहावी. जेथे श्वास तुटतो तेथे वाक्य तोडावे. ‘ते’, ‘त्यांनी’ अशा सर्वनामांऐवजी नाव पुन्हा घ्यावे. वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजावा, म्हणजे दोन मिनिटांत किती मजकूर बसतो ते कळते.

डोळ्यांसाठी चित्रण

चित्रवाणीच्या बातमीत पहिला पुरावा चित्राचा असतो. कॅमेरा सतत फिरवीत राहणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष होय. मोबाईल आडवा व स्थिर धरावा आणि प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद टिपावे. उजेड चित्रण करणाऱ्याच्या पाठीमागे असावा. प्रथम दूरचे दृश्य घ्यावे, त्यातून स्थळ कळते. नंतर मध्यम अंतराचे घ्यावे, त्यातून माणसे व त्यांचे काम दिसते. शेवटी जवळचे दृश्य घ्यावे, उदाहरणार्थ पुलाच्या खांबावरील पाण्याची खूण. ही तीन दृश्ये क्रमाने जोडली की बातमीचा सांगाडा उभा राहतो.

चित्रात दिसते तेच निवेदनात सांगू नये. ‘पाणी वाहत आहे’ हे डोळ्यांना दिसतेच. हा पूल कोणत्या दोन गावांना जोडतो आणि रुग्णाला आता कोणत्या वाटेने न्यावे लागेल, हे चित्र सांगू शकत नाही. मुलाखतीत ‘आपले नुकसान झाले का?’ असे विचारल्यास ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘पाणी शिरले तेव्हा आपण काय केले?’ या प्रश्नाला माणूस मनापासून उत्तर देतो. बोलणाऱ्याच्या जवळ जाऊन ध्वनिमुद्रण करावे. वाऱ्याच्या घोंगाटात गेलेला आवाज नंतर परत आणता येत नाही.

संकलन करताना उत्तर लहान करता येते, पण त्याचा अर्थ बदलता कामा नये. जुने चित्र वापरल्यास त्यावर ‘संग्रहित’ असे लिहिलेच पाहिजे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाचे नाव, चेहरा, घर वा शाळा दाखविण्यास २०१२ च्या बालकांच्या संरक्षणविषयक कायद्याने मनाई आहे. शिक्षकांनी हे विशेषत्वाने ध्यानी ठेवावे.

पडताळणी

हे नियम पाळले नाहीत तर काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळविणारे असल्याच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. हे भिक्षेकरी होते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण झाली. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा मोबाईलवरून पसरल्या होत्या. त्या सुमारास देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मूल परत आणून सोडण्याचा तिचा शेवट कापलेला होता. चित्र खरेच टिपलेले होते. पण स्थळ, हेतू आणि शेवट काढून घेतल्यावर तेच चित्र असत्य सांगू लागले.

म्हणून कोणतीही चित्रफीत पुढे पाठविण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे कोणी टिपले? कोठे टिपले? केव्हा टिपले? आधी व नंतर काय घडले? चित्रातील पाट्या, भाषा, पीक, हवामान सांगितलेल्या स्थळाशी जुळते काय, ते पाहावे. पोलीस ठाणे अथवा तहसील कार्यालयाकडे विचारणा करावी आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून दुजोरा घ्यावा. एकच संदेश दहा गटांवर आला म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असे होत नाही.

शाळेत हा पाठ सहज देता येईल. विद्यार्थ्यांना गावातील एखाद्या घटनेची एक मिनिटाची बातमी लिहून वाचावयास सांगावी आणि ऐकणाऱ्यांनी काय, कोठे, केव्हा घडले ते कागदावर लिहावे. जे उतरले नाही ते वाक्य पुन्हा लिहावे. ग्रामपंचायतीने गावाच्या गटावर सूचना देण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी आणि प्रत्येक सूचनेवर दिनांक, वेळ व माहिती देणाऱ्या कार्यालयाचे नाव घालण्याचा प्रघात पाडावा. सूचना चुकीची निघाल्यास तितक्याच ठळकपणे दुरुस्ती द्यावी. पुराच्या रात्री गावाने सूचनेवर विश्वास ठेवून घर सोडावे असे वाटत असेल, तर तो विश्वास कोरड्या दिवसांतच मिळवावा लागतो.