डांगचे राजे आणि घटनात्मक राजेपद

घटनात्मक राजेशाही म्हटली की आमच्या वर्गात उदाहरण निघते ते इंग्लंडचे. तेथील कायद्यावर राजाची सही लागते, परंतु निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. वॉल्टर बॅजट याने १८६७ साली राजाकडे तीनच हक्क उरल्याचे लिहिले: सल्ला विचारला जाणे, उत्तेजन देणे व इशारा देणे. म्हणजे हुकूम नाही, पण शब्दाला थोडे वजन आहे. हे वजन मोजायचे कसे? पंतप्रधान व राजा यांची भेट बंद दाराआड होते.

मी सुरतेचा. आमच्या जवळच डांग आहे. तेथील भिल्ल राजांनी १८४२ साली सागाची जंगले इंग्रजांना भाडेपट्ट्याने दिली. गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा आणि पिंपरी येथील राजांच्या वारसांना आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या 'डांग दरबारा'त सरकार समारंभपूर्वक रक्कम देते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बडोदा, कोल्हापूर अशा संस्थानिकांचे तनखे बंद झाले; डांगच्या राजांचे मात्र चालू राहिले. सरकार या रकमेला 'राजकीय पेन्शन' म्हणते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे अडखळल्याशिवाय राहवत नाही. पट्ट्याचे पैसे म्हणजे भाडे, आणि पेन्शन म्हणजे सेवेचा किंवा कृपेचा मोबदला. खतावणीत दोन्ही एकाच खात्यावर टाकता येत नाहीत. भाडेकरूला मालकाशी हिशेब करावा लागतो, पेन्शन मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. माझ्या मते डांगच्या राजांचा प्रभाव कमी होण्याचे खरे कारण मुकुट जाणे नसून हे नाव बदलणे होय.

तरी प्रभाव अगदीच शून्य नाही. दरबार उघड्यावर भरतो, रथातून मिरवणूक निघते, आणि रक्कम अपुरी असल्याची तक्रार तेथेच जमलेल्या लोकांच्या कानी पडू शकते. इंग्लंडच्या राजाला ही सोय नाही!

परंतु मोठ्या प्रश्नात याचा उपयोग किती? १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्य फुटले. डांगी बोली मराठी की गुजराती, हा वाद गाजलेला. अखेर डांग गुजरातेत गेला. सीमाभागातील आपल्या मराठी व कानडी वाचकांना अशा वादाची ओळख करून देण्याची गरज नाही. तो निर्णय मंत्र्यांचा होता. दरबार मात्र तेव्हापासून गुजरात सरकार भरवते.